दप्तरी न चढलेली साक्ष



सावित्रीबाई फुले यांच्या स्मरणार्थ माजलगावात भरणाऱ्या या व्याख्यानमालेत मी थेट विषयाला हात घालते. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते, मग कुलगुरूंची खुर्ची, मग पदवीदान समारंभातले झगे. परंतु एखाद्या नव्या ज्ञानशाखेला त्या इमारतीत पहिली खोली, पहिले कपाट आणि पहिली मंजूर जागा ज्यांनी मिळवून दिली, त्या माणसांची नावे विद्यापीठाच्या वार्षिक अहवालापलीकडे सहसा पोहोचत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचे जीवन हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय कसा झाला, त्यासाठी कोणी काय सोसले आणि कोणते विचार पणाला लावले, हे मला आज सांगायचे आहे. आणि ते बीड जिल्ह्यात, सिंदफणेच्या काठी सांगायचे आहे, याला कारण आहे. ते कारण पुढे येईलच.

पदार्थविज्ञानाला प्रयोगशाळा लागते, इतिहासाला दप्तरखाना लागतो. स्त्री-अभ्यासाला प्रथम लागते ती साक्ष देणारी बाई, आणि ती साक्ष उतरवून घेण्याची पात्रता अंगी आणलेले माणूस. निजामी अमदानीत या तालुक्याच्या जमाबंदीच्या कागदांत जशी खातेदार म्हणून पुरुषांचीच नावे चढत आणि त्याच रानात पेरणीपासून मळणीपर्यंत राबणारी बाई कागदावर कोठेच नसे, तसाच शिरस्ता विद्यापीठांनीही दीर्घकाळ चालवला: अर्थशास्त्राने श्रमिक मोजला तो पुरुष, राज्यशास्त्राने नागरिक कल्पिला तो पुरुष, आणि इतिहासाने कर्ता मानला तोही पुरुष. ज्ञानाच्या दप्तरात कोणाची जबानी ग्राह्य धरायची, हा शिरस्ता बदलणे हेच विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास केंद्रांचे मुख्य कार्य होय, असे माझे मत आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे पदव्या, परिसंवाद, प्रबंध, त्या कार्याच्या अनुषंगाने आलेल्या आहेत.

आपल्याला सर्वांत जवळचे केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे आणि त्याला ताराबाई शिंदे यांचे नाव दिलेले आहे. हे नाव ज्यांनी निवडले त्यांच्या विवेकाला मी वंदन करते. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, तिला फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी करून काळ्या पाण्याची झाली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर लांबलचक प्रवचने सुरू झाली, तेव्हा या बाईने लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून आणले. ज्या दुर्गुणांचे खापर स्त्रीच्या माथी फोडले जाते ते सारे पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सवाल होता, आणि तो त्यांनी विनवणीच्या सुरात विचारला नाही. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यांच्याविरुद्ध उठलेल्या गदारोळापुढे एवढा आधार पुरा पडला नाही आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक कधी आले नाही. पुढे हे पुस्तक लोकांच्या नजरेआड झाले ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुनर्मुद्रित करीपर्यंत. मधली ९३ वर्षे हे पुस्तक कोणी जप्त केले नव्हते, जाळलेही नव्हते. ते ज्या कपाटात ठेवावे असे कपाटच विद्येच्या घरात नव्हते, म्हणून ते हरवले. संस्था लागते ती यासाठी. एकट्या माणसाचे धैर्य त्याच्या हयातीपुरते टिकते. ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचे तर ग्रंथपाल लागतो, सूची लागते, अभ्यासक्रम लागतो, परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न लागतो.

स्त्रियांसाठी विद्यापीठ आणि स्त्रियांविषयी विद्या या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि महाराष्ट्रात पहिली दुसरीच्या बरीच आधी आली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केले, ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लागले, हेही ठाऊक आहे. परंतु पार्वतीबाई आठवले यांचे नाव आज या सभागृहात किती जणांना आठवेल? त्या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया यांची बहीण. तरुणपणी वैधव्य आले, अक्षरओळख त्यानंतर झाली, आणि पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी जमवावा म्हणून ही बाई अमेरिकेस गेली आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिली. संस्थेच्या इतिहासात देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते. दारोदार हिंडून आणा-दोन आणे जमवणारीचे नाव हिशेबाच्या वहीत 'वर्गणी जमा' या सदराखाली पुसले जाते. पार्वतीबाईंनी 'माझी कहाणी' लिहून ठेवली म्हणून त्या आपल्याला सापडल्या, एवढेच.

याच विद्यापीठात १९३१ ते १९३६ या काळात प्रबंधक म्हणून दप्तर सांभाळणारी एक तरुण विदुषी होती. इरावती कर्वे, महर्षींच्या स्नुषा. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्राचे व मानवशास्त्राचे जे काम केले, भारतातील नातेसंबंधांवरचा १९५३ चा जो ग्रंथ लिहिला, त्यात माहेर-सासर, मामा-भाचे, आत्या-भाची यांच्या नात्यांतून समाजाची घडण कशी उलगडते हे दाखवताना घरातल्या बायकांच्या तोंडची माहिती शास्त्राच्या पातळीवर आली. जय निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. आपण धरणाच्या गावात बसलो आहोत. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर बांध पडला तेव्हा किती घरांतल्या जात्या-उखळांची, पाणवठ्यांची आणि शेजाराची फाटाफूट झाली, हे पुनर्वसनाच्या फायलीत मिळणार नाही. ते ज्या वृद्ध स्त्रियांना ठाऊक आहे त्या दरसाल कमी होत आहेत. हे मी जाता जाता सांगते, पण ते विसरू नये अशी विनंती आहे.

स्त्रीजीवनाला वाहिलेले स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झाले ते १९७४ साली, याच महिला विद्यापीठात, नीरा देसाई यांच्या पुढाकाराने. नीराबेन गुजराती घरातल्या. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगलेल्या. आधुनिक भारतातील स्त्री या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५७ साली निघाले, तेव्हा तो विषय प्राध्यापक मंडळी फारसा गंभीर मानीत नसत. त्या वेळची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. भारत सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या दर्जाविषयी एक समिती नेमली होती. अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. स्वातंत्र्याला पाव शतक झाले, घटनेने समता दिली, मुली शिकू लागल्या, तेव्हा सगळे ठीकच असेल, अशा समजुतीने चौकशीला निघालेल्या या विदुषींच्या हाती जे आले त्याने त्या हादरल्या. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या होत्या. कामगारांतील स्त्रियांचे प्रमाण घटत होते. ही घट सरकारी शिरगणतीतच छापलेली होती, दशकामागून दशक, कोणापासूनही लपवलेली नव्हती. ती वाचून चिंतित होणारे शास्त्र मात्र देशात नव्हते. विद्यापीठांनी आपल्याला काहीच कसे शिकवले नाही, हा प्रश्न त्या पिढीने स्वतःला विचारला, आणि त्या प्रश्नातून स्त्री-अभ्यासाचा जन्म झाला. या ज्ञानशाखेचे मूळ परदेशात शोधणाऱ्यांनी शिरगणतीचे हे दोन आकडे एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.

नीराबेनच्या केंद्रात मैत्रेयी कृष्णराज आल्या, पुढे पंडिता रमाबाईंचे मराठी लेखन परिश्रमपूर्वक इंग्रजीत नेणाऱ्या मीरा कोसंबी आल्या. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली; १९८२ साली अखिल भारतीय संघटना झाली. महिला विद्यापीठाच्या माजी कुलगुरू माधुरी शाह या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी होत्या, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रीसमतेसाठी शिक्षण हे सूत्र आल्यावर आयोगाने ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अशी केंद्रे काढण्याची तरतूद केली. फर्मान सुटले, निधी आला. पण फर्मानाने खोली मिळते, खोलीत जीव येत नाही.

पुण्यात तो जीव ओतला विद्युत भागवत यांनी. १९८७ साली पुणे विद्यापीठात सुरू झालेले केंद्र आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. २०१४ साली तर सबंध विद्यापीठानेच ते नाव धारण केले. विद्युतताई साहित्याच्या वाटेने या विषयात आल्या, आणि म्हणून संतकवयित्रींपासून सत्यशोधकांपर्यंतचा मराठी वारसा त्यांना कधी परका वाटला नाही. सूझी थारू व के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या द्विखंडात्मक संग्रहासाठी मराठीची बाजू त्यांनी सांभाळली, आणि 'स्त्री प्रश्नाची वाटचाल' सारखे ग्रंथ मराठीत लिहिले. गोदावरीच्या या खोऱ्यात, गंगाखेडच्या जनाबाईपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्याला याचे महत्त्व मी अधिक सांगायला नको. दळता-कांडता उच्चारलेला शब्द विचार असतो, हे पुण्याच्या केंद्रात अभ्यासक्रम म्हणून शिकवले गेले.

त्याच केंद्राची धुरा पुढे शर्मिला रेगे यांच्याकडे आली. त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. १९९५ साली गोपाळ गुरू यांनी, दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे आहे आणि ते वेगळे का आहे, याची मीमांसा करणारा लेख लिहिला. त्याला तीन वर्षांनी रेगे यांनी जो प्रतिसाद दिला तो मराठी मुलखातल्या समाजचिंतनाला वळण देणारा ठरला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ते वेगळेपण मान्य करून बाजूला होणे, दलित स्त्रीचे दुःख दलित स्त्रीने मांडावे, आपण आपले मांडू, असे म्हणणे वरवर नम्र दिसते, पण त्याने सवर्ण अभ्यासिकेला स्वतःत काहीच बदलावे लागत नाही. खरे काम असे की, जातीच्या तळाशी उभ्या असलेल्या स्त्रीला जग जसे दिसते ते शिकून घ्यावे, आणि त्या शिक्षणाने स्वतःची दृष्टी, स्वतःचा इतिहास, स्वतःचे राजकारण नव्याने घडवावे. २००६ साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यात ही आत्मकथने केवळ एका बाईची करुण कहाणी म्हणून न वाचता समूहाची साक्ष म्हणून वाचली गेली. ब्राह्मणी पितृसत्तेवरचे बाबासाहेबांचे लेखन एकत्र आणणारा त्यांचा ग्रंथ २०१३ साली निघाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या. लहान गावांतून येणाऱ्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वर्गात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बरोबरीने चालवल्या, आणि ही केवळ सवलत नव्हती. माजलगावची मुलगी जे जाणते ते तिच्याच बोलीत वर्गात मांडता यावे, ही त्या ज्ञानशाखेची अट आहे असे त्या मानीत. मीही मानते.

येथे न्यायाने आणखी दोन नावे घेतली पाहिजेत, आणि ती कोणत्याही विद्यापीठाच्या पटावरची नाहीत. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी, पदवीची आशा न धरता, आंबेडकरी चळवळीत झटलेल्या वयोवृद्ध स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. परिषदा भरवणाऱ्या, सत्याग्रहात पोलिसांना सामोऱ्या जाणाऱ्या, वसतिगृहे चालवणाऱ्या या बायका तोवर इतिहासाच्या पुस्तकांत 'आणि स्त्रियाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या' एवढ्या वाक्यात गुंडाळल्या जात होत्या. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला वंदना सोनाळकर यांनी. त्या मराठवाडा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत आणि तेथील ताराबाई शिंदे केंद्राचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. बुलढाण्याची ताराबाई, मुंबईतल्या दोन आंबेडकरी लेखिका आणि मराठवाड्यातील एक प्राध्यापिका यांची गाठ अशी एका कामात पडली, ही मला या सबंध इतिहासातील अत्यंत आनंदाची गोष्ट वाटते.

आता एक कटू गोष्ट. ही केंद्रे सरकारने काढली, पण त्यांना विद्यापीठाच्या इतर विभागांसारखी कायम सनद दिली नाही. पंचवार्षिक योजनेच्या मुदतीपुरते अनुदान, मुदत संपली की नव्याने अर्ज, तोवर पगार थकलेले, जागा हंगामी, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. २०१७ साली बारावी योजना संपली तेव्हा देशभरच्या केंद्रांपुढे उद्या काय हा प्रश्न उभा राहिला. ज्या अभ्यासिका असंघटित मजूर स्त्रियांच्या अस्थिर रोजगारावर प्रबंध लिहितात त्या स्वतः मुदतबंद नेमणुकीवर असाव्यात, हे शासनाला शोभणारे नाही, आणि विद्यापीठांनाही नाही. केंद्राच्या भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर लावायची आणि आत बसणाऱ्या शिक्षिकेला दर अकरा महिन्यांनी सेवाखंड द्यायचा, हा प्रकार बंद झाला पाहिजे असे मी या व्यासपीठावरून निःसंदिग्धपणे सांगते.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली आढळल्या. त्याआधी दहा वर्षे त्या ८९४ होत्या. नीराबेनच्या पिढीला हादरवणारी घसरण सत्तर वर्षांत झाली होती. आपल्या मुलींच्या संख्येत तिच्याहून मोठी घसरण आपण दहा वर्षांत करून दाखवली. दसरा झाला की येथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल पुरुषाच्या हाती पडते, मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचे, आणि पहाटेच्या अंधारात फडात शिरून मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहून गाडीत चढवणारी, कोपीवर परतून भाकरी थापणारी बाई त्या वहीत अर्ध्या कोयत्याइतकीच. आजारपणात एक दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दुखण्यावर औषध घेण्याऐवजी गर्भपिशवीच काढून टाका, हा सल्ला ज्यांनी दिला आणि ज्यांनी पटवला त्यांचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. कार्यकर्त्या आणि पत्रकार यांनी हा विषय उघडकीस आणल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. या बायका बोलत नव्हत्या असे नाही. वडाच्या पारावर, दवाखान्याच्या पायरीवर, बाजाराच्या वाटेवर त्या एकमेकींना हेच सांगत होत्या. ऐकून लिहून घेणारे कोणी नव्हते.

ऐकून घेणारे भेटले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण सांगते. पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्ह्यात झिलिमिली नावाचे गाव आहे. १९८० साली तेथे शिबिर भरले, त्यात दरसाल भातकापणीसाठी पोटापाण्यामागे घर सोडून जाणाऱ्या आदिवासी स्त्रियांनी या स्थलांतरात आपल्यावर काय ओढवते ते सांगितले, आणि दान नको, गावातच काम द्या, अशी मागणी केली. त्या मागणीतूनच वीणा मजुमदार यांच्या संशोधन संस्थेने तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडले. स्त्रियांचे संघ झाले, पडीक जमीन त्यांच्या ताब्यात आली, तिच्यावर टसर रेशमासाठी झाडे लावली गेली. अभ्यास आणि नेतृत्व या दोन गोष्टी अशा रीतीने एकमेकींत मिसळतात. आपल्याकडे नेतृत्व म्हटले की आरक्षणाचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या, आणि त्यामुळे आज या सभागृहात सरपंचपद भूषवलेल्या भगिनी बसल्या आहेत. परंतु सहा महिने गावाबाहेर असणारी ऊसतोड बाई ग्रामसभेला कशी येणार, आणि तिच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न आरक्षणाने सुटलेला नाही.

म्हणून माझे म्हणणे व्यवहाराचे आहे. विद्यापीठाच्या केंद्राने माजलगावात पावसाळ्यात, म्हणजे टोळ्या परतल्यानंतर आणि दसऱ्यापूर्वी, दरवर्षी वर्ग भरवावा. तो मराठीत असावा, त्याला शिक्षणाची अट नसावी, आणि ज्या बाया जबानी देतील त्यांना शिक्षकाइतके मानधन द्यावे. उतरवून घेतलेल्या जबानीची एक प्रत विद्यापीठात राहील तशी दुसरी येथल्या सार्वजनिक वाचनालयात राहावी, आणि जिची जबानी तिची परवानगी असल्यावाचून ती छापू नये. कोयत्याच्या करारावर बाईचे नाव आणि तिचा स्वतंत्र मोबदला लिहिला जावा, ही मागणी त्या जबान्यांच्या आधारे साखर कारखाने आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांच्यापुढे ठेवता येईल. विद्यापीठाशी या बाबतीत पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी मी घेते. महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्या मुलींच्या आया यंदा फडावर जाणार आहेत आणि ज्यांना जबान्या लिहून घेण्याचे काम शिकायचे आहे, त्यांनी सभा संपल्यावर चालकांकडे आपली नावे द्यावीत. वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यासाठी एक वही दारापाशी ठेवली आहे.